गंधकाचं पाणी आणि आईचं कडं

लातूरहून निघताना आमचे हे म्हणाले, "मेडिकलात गंधकाचं मलम मिळतंय की. त्यासाठी एवढ्या लांब जायचं?" पण मलम लावून झालं होतं आणि हाताची खाज हटत नव्हती. मी एसटीत बसले.

नांदेडला रात्र काढून पहाटेच्या गाडीनं किनवटच्या बाजूला उनकेश्वर गाठलं. कुंड दिसायच्या आधीच नासक्या अंड्यांचा वास सामोरा आला. नाकाला पदर लावून पाण्यात उतरले. काडेपेटीत, फटाक्यांत, औशाकडच्या द्राक्षबागांत भुरीवर (पानांवरची पांढरी बुरशी) मारायच्या पिवळ्या भुकटीत भेटणारा गंधक इथं जमिनीतून आपणहून वर येत होता. तासाभरात हाताची आग शमली. मी मनापासून झऱ्याला हात जोडले, आणि हातातलं कडं दिसलं. काळंकुट्ट!

आई जाऊन तीन वर्षं झाली. तिची म्हणून माझ्याकडे एवढीच वस्तू, हे चांदीचं कडं. परतीच्या बसमध्ये मी ते पदरानं घासत बसले. शेजारची बाई वाकून म्हणाली, "चांदी न्हाई वो ताई ही. गिलट (चांदीसारखा दिसणारा हलका धातू) असंल." आईनं जन्मभर खरं मानलेलं खोटं निघालं की काय? मला राहवेना. वाटेतल्या लोहा गावातच उतरले.

बाजारात चांदीकाम करणारे एक म्हातारे चाचा बसले होते. त्यांनी कडं कसोटीवर घासलं आणि हसले. "असली चांदी हाय. कायला रडून राहिल्या? गंधकाचं पाणी लागलं की चांदी काळी पडतीच."

ॲल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा घालून त्यांनी पाणी उकळलं. यात बुडवलं की काळं निघतं म्हणे. त्याआधी कडं फडक्यानं पुसता पुसता ते थांबले.

"आत नाव हाय बघा. झिजून गेलतं. काळं बसलं म्हून दिसून राहिलंय."

भांड्यांवर घालतात तसं ठिपक्या-ठिपक्यांचं नाव होतं. 'चि. अनसूया हिस. बाबा.'

आमच्या घरात आई सुनंदा होती. लग्नात बदललेलं तिचं माहेरचं नाव मला फक्त ऐकून माहीत होतं. त्या नावानं तिला बोलावणारं कुणी उरलंच नव्हतं.

"बुडवू का?" चाचांनी विचारलं.

"नको, नको!"

त्यांनी बाहेरची बाजू हातानं चमकवली, आतलं काळं तसंच ठेवलं. त्यांचे आणि त्या वासट पाण्याचे उपकार कसे फेडू, मला कळेना.

दिवेलागणीला घरी पोचले. "गेली का खाज?" यांनी दारातच विचारलं. मी कडं काढून त्यांच्या हातात दिलं. चष्मा लावून, उजेडाकडे धरून त्यांनी मोठ्यानं वाचलं, "अनसूया..."

किती वर्षांनी कुणीतरी माझ्या आईला तिच्या नावानं हाक मारली.