आधी बांध मोडायचा

सुभेदारांच्या दुकानातून मासा विकत घेणं सोपं नव्हतं. गिऱ्हाईक आत आलं, काचेवर बोट ठेवून म्हणालं, "हा ऑस्कर द्या," तरी सुभेदार खुर्चीतून उठायचे नाहीत. बसल्या जागेवरून विचारायचे, "आदी टाकीत कोन कोन हाय?" फ्लॉवरहॉर्नसारखा भांडखोर मासा आहे म्हटलं की विषय संपला. "मग त्याला एकट्यालाच ऱ्हाऊ द्या. काय काय जणांचं एकट्यानंच बरं चालतं. आमच्या गल्लीत बी हायत तसं दोगं." त्या दोघांतला एखादा समोरच्या टपरीवर चहा पीत असला, तर हे वाक्य जरा मोठ्यानं.

दुकान आटपाडीत. टँकरमागं घागरी घेऊन पळण्यात आमचं लहानपण गेलं, त्या गावात हा माणूस फौजेतून परत आला तो काचेच्या टाक्या घेऊन. बंगालात पोस्टिंग असताना हा नाद लागला होता. लोक म्हणायचे, "माणसाला पाणी न्हाई आन् सुभेदार मासं पाळतोय." त्यावर ते म्हणायचे, "मासं गप ऱ्हात्यात. तुमास्नी पाणी मिळालं की तुमी भांडाय लागताल." पुढं कालव्याचं पाणी आलं, रानं हिरवी झाली आणि बांधावरून डोकी फुटायला लागली. तेव्हा सुभेदारांनी आपलं जुनं वाक्य गावभर फिरून पुन्हा सांगितलं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. एम.एस्सी., प्राणिशास्त्र, पहिला वर्ग. हे मी सांगतेच, कारण त्यासाठी आईनं दुसऱ्यांच्या रानात भांगलण केलीय. पण गावातल्या ज्युनिअर कॉलेजात मी दोन वर्षं तात्पुरतीच होते. स्टाफरूममध्ये माझं स्टूल दाराजवळ. कपाट उघडलं की दार माझ्या पाठीत. खिडकीखालचं टेबल इतिहासाच्या सरांचं. वीस वर्षं तिथंच.

त्या साली एका माजी विद्यार्थ्यानं प्राचार्यांच्या केबिनसाठी सहा फुटी टाकी दिली. आत एकच ऑस्कर, चांगला वीतभर. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुमचा विषय आहे. याला सोबत आणा. सोमवारी संस्थेची मंडळी येणार आहेत." त्याच मंडळींच्या सहीनं मी कायम होणार होते.

मी सुभेदारांकडे बारा निऑन टेट्रा मागितल्या. बोटाच्या पेराएवढ्या, निळ्या-लाल, झगमगीत. सुभेदारांनी हाताची मूठ करून ती सावकाश उघडली. "ऑस्करचं तोंड बगितलंय का? त्या तोंडात मावंल त्यो सोबती न्हवं, जेवाण हाय."

मी म्हटलं, "सुभेदार, दोघंही ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. पाणी तेच, तापमान तेच. पुस्तकात आहे."

"एका गावचं म्हणून एका घरात कोंडायचं व्हय? तुमी बी ह्याच गावच्या हाय न्हवं म्याडम?"

मला राग आला. मी एसटीनं सांगलीला गेले आणि पिशवीतून बारा टेट्रा घेऊन आले. शुक्रवारी सोडल्या. शनिवारी सकाळी प्राचार्य टाकीपुढं उभे. "बारा होत्या ना?" मी हो म्हटलं. "मोजा." मोजायला काही उरलंच नव्हतं. ऑस्कर मात्र काचेला तोंड लावून माझ्याकडे बघत होता. अजून आहेत का, असं.

मी मान खाली घालून दुकानात गेले. सुभेदार हसले नाहीत, फक्त मिशा हलल्या. "किती गेलं?"

"बारा."

"बाराच्या बारा? लय जीव लावला त्येला तुमी. चला, रेकी करू." मोठा मासा द्यायचा तर टाकी डोळ्यांनी बघितल्याशिवाय नाही, हा त्यांचा फौजी नियम.

कॉलेजात येऊन ते केबिनऐवजी स्टाफरूममध्येच शिरले. स्टूल बघितलं, कपाट बघितलं. "ही जागा तुमची? कवापास्नं?"

"दोन वर्षं. नवीन आहे ना मी."

त्यांनी खिडकीखालच्या टेबलाकडं एकदा बघितलं. मग टाकीपाशी जाऊन ते बराच वेळ बोलले. "तीन सिल्व्हर डॉलर घ्या. ताटलीगत रुंद, गिळाय यायचं न्हाई, आन् पळाय चपळ. खाली तळ चाटणारा एक सकर, त्यो बी वीतभर. त्येच्या अंगाला चिलखत असतंय. पन नुसतं सोडून भागत न्हाई. ह्या समद्या टाकीचा सातबारा ऑस्करच्या नावावर हाय. नवा आला की त्यो मारणारच. म्हणून आदी बांध मोडायचा."

आणि त्यांनी बांध मोडला. दगड इकडचे तिकडे, लाकडाचं मूळ या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, हवेची नळी दुसऱ्या टोकाला. ऑस्कर आपलं घर शोधत फिरायला लागला. मग दुकानातून टबात मासे मागवले आणि दिवा बंद करून चारही नवे आत. "आता त्यो बी नवा आन् हे बी नवं. कोन कुनाला हाकलणार?"

नंतर म्हणाले, "टब धुवाय मोकळी जागा पायजे." शिपायाला हाताशी धरून त्यांनी स्टाफरूममधली सगळी टेबलं बाहेर काढली. टब धुऊन झाल्यावर परत लावली, पण वेगळी. माझ्या वाट्याला खिडकीजवळचं टेबल आलं. मी घाबरून म्हटलं, "आवं सुभेदार, सर काय म्हणतील?" ते म्हणाले, "रुसतील. मरत न्हाईत."

सोमवारी संस्थेचे अध्यक्ष केबिनमध्ये आले, तर ऑस्कर तळाशी आडवा. प्राचार्यांचा चेहरा पांढराफटक. अध्यक्षांनी विचारलं, "मेला का हो?"

माझी नोकरी त्या माशाच्या श्वासावर होती. पण त्याचे कल्ले हलताना मला दिसत होते, आणि हे मी शिकलेही होते. मी म्हटलं, "नाही साहेब, रुसलाय. जागा बदलली की ऑस्कर असा आडवा पडतो." मी एक कोळंबी टाकली. ऑस्करनं एक डोळा फिरवला, मोठ्या नाखुशीनं उठला आणि कोळंबी गिळली. अध्यक्ष पोट धरून हसले. "आमच्या थोरल्या भावासारखाच आहे." महिन्याभरात माझी ऑर्डर आली.

इतिहासाचे सर दोन दिवस स्टाफरूममध्ये चहा प्यायले नाहीत. आडवे पडले नाहीत, एवढंच. तिसऱ्या दिवशी कप घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "इथं ऊन फार येतं, पडदा ओढून घेत जा."

पुढं गुडघे गेले तसं सुभेदारांनी दुकान बंद केलं आणि ते साताऱ्याला मुलाकडं राहायला गेले. आठवड्यातच फोन. "म्याडम, आल्या आल्या समद्यांच्या खाटा हालवल्या. सून रुसलीय." मी विचारलं, "मग?" "उठंल की. कोळंबी आणलीय." त्यानंतर एकदा त्याच नंबरवरून फोन आला, तेव्हा बोलत होता त्यांचा मुलगा. सुभेदार गेल्याचं सांगून तो म्हणाला, "बायको दोन दिवस जेवली नाही मॅडम."

यंदा जूनमध्ये भौतिकशास्त्राची नवी मुलगी रुजू झाली. छातीशी पर्स धरून दारात उभी होती. सगळ्यांनी त्या दाराजवळच्या स्टुलाकडं बोट दाखवलं. मी शिपायाला हाक मारली आणि सगळी टेबलं बाहेर काढायला लावली. परत लावताना खिडकी तिच्याकडं गेली आणि कपाट माझ्या पाठीशी आलं. खोटं कशाला सांगू, दोन दिवस मीही चहा घेतला नाही.