रुमालाखालची बोटे

फिटरमामाने मला फसवले. एकदा गंगाखेडच्या बैलबाजारात भर दुपारी, आणि एकदा त्याच्या स्वतःच्या घरात. पहिली फसवणूक मी माफ केली असती.

मामा पूर्णेला रेल्वेत फिटर होता. निवृत्त झाल्यावर त्याने बैलबाजाराच्या कडेला जळालेल्या पंपांच्या मोटारींत नवी तार भरून द्यायचे दुकान टाकले. हात मोटारीत आणि उजवा पाय दिवसभर ठेक्यात. पायाखालची शहाबादी फरशी तेवढ्याच जागी झिजली होती. कारण टेप दिवसभर चाले आणि त्याच्याकडे एकच कॅसेट होती, गोऱ्यांच्या गिटारींची. कुणा अँग्लो-इंडियन ड्रायव्हरने बदलीवर जाताना दिलेली. वेष्टनावर चार केसाळ गडी माना खाली घालून उभे, हौदावर पाण्याला वाकलेल्या बैलांसारखे. शब्द त्याला कळत नव्हते, मलाही नाही. "कळून काय करायचंय? इंजनाला कुठं शबुद असतेत?" असे तो म्हणे.

मी दलाल. शेळ्या राखता राखता वर आलो, कुणाच्या शिफारशीवर नाही. माल मला कळतो. महिनाभर ऐकून मी त्याला तोंडावर सांगितले, की कॅसेटवर आठ गाणी लिहिलीत आणि आत एकच आहे, आठ वेळा विकलेले. मामा चिडला नाही.

"तू रोज जवारीची भाकर खातूस. कालचीच आज कामून वाढली म्हणून बायकूशी भांडतूस का?"

भांडतो, म्हणालो. ते खरेही होते.

आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांचे हात रुमालाखाली जातात आणि बोटे दाबून भाव सांगतात. दाबले की वाढला. माझा हात दगडाचा, असे तालुक्यात नाव होते. एका सोमवारच्या बाजारात चारठाण्याच्या एका म्हाताऱ्याची तांबडी जोडी मला हवी होती. भाव जमत आला, तेवढ्यात मामाने टेप मोठा केला. म्हातारा माझ्याकडे चमत्कारिक बघू लागला. शेवटी कानाशी येऊन म्हणाला, "दलाल, मी तर कवाचा गप हाय. तुमीच वाढवायलाव."

रुमाल उचलला. माझी बोटे त्याच्या पंजावर नाचत होती.

दाबलेले बोट परत घेता येत नाही. जोडी घेतली, आणि दुकानात जाऊन मामाला दोन तास शिव्या दिल्या. तेवढ्यात त्याने एक मोटार भरून काढली.

"मी गाणं लावलं," तो म्हणाला. "बोटं कुणाची?"

मग त्याने अट घातली. बाजारच्या दिवशी टेप बंद ठेवीन, पण तू एकदा तोंडाने म्हण, कॅसेट चांगली आहे. मी पहिल्या बोलीला आजवर कशालाच चांगले म्हटलेले नाही. समोरचा अडलेला दिसला की गप्प बसायचे, हाच माझा धंदा. मी नऊ वर्षे गप्प बसलो. मधल्या काळात बातमी फुटली. विकणारे आधी मामाच्या दुकानी चहा घ्यायचे, टेप मोठा करायला सांगायचे आणि मगच मला शोधत यायचे. मी हातमोजा घालून पाहिला, तर लोक समजले मला खरूज झाली. दुसरा बाजार धरता आला असता. पण गंगाखेडचा माल बरा असतो, एवढेच.

गेल्या हिवाळ्यात मामाने अंथरूण धरले. भेटायला गेलो, तर टेप उशाशी चालूच. त्याने माझा हात ओढून गोधडीखाली घेतला आणि बोटे दाबली. अंगात जोर नव्हता, पण ठेका चुकला नव्हता.

"म्हण की दलाल. पडता भाव हाय."

मला तो अडलेला दिसला. सवयीने बोलून गेलो, "सोमवारी बघू."

शनिवारी मामा गेला.

सौदा अर्धा ठेवून रुमालाखालून हात काढणाऱ्याला आमच्या बाजारात लबाड म्हणतात. मामाला हे पक्के ठाऊक होते, तरी त्याने हात काढला. सुनेने कॅसेट माझ्याकडे आणून दिली, मामानेच सांगून ठेवले होते म्हणे. रोज लावतो. बायको भांडते.

तर ऐका. कॅसेट चांगली आहे. लय चांगली आहे, आठही गाणी. मी माझा शब्द टाकला. आता समोरचा हात कुणाचा? मामाच्या घरचे कोणी असो, की त्या माना खाली घातलेल्या चौघांपैकी कोणी, या, रुमालाखाली हात घाला आणि हा सौदा पुरा करा.