उजव्या बाजूचे ठोके

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहा तसाच टाकून उठणारा माणूस. आवाज आला म्हणजे काहीतरी सैल आहे, पाना घ्या — एवढाच माझा धर्म! तरी हे लिहितोय, कारण घरात नातवंडं मला थापाड्या म्हणतात.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. मुळशीत, माले गावाच्या पुढं आमचं गाव. माझ्याकडे मिलिटरीतून निघालेला जुना ट्रक होता. ओढ्यातले धोंडे त्याच्या पोटाला लागायचे, म्हणून चाकांवरचा भार झेलणाऱ्या कमानपाट्यांत जादा पाती घालून मी तो चांगला वीतभर उंच केला. लई ऐट होती मला त्याची!

त्याच ट्रकमधून धाकट्या बहिणीचं, सखूचं, वऱ्हाड पौडला निघालं. मुहूर्त दुपारचा. तिचं आधीचं लग्न ऐनवेळी मोडलेलं. नव्या सासरच्यांनी बजावलं होतं — मुहूर्त टळला तर पोरगी परत न्या.

आणि माल्याच्या अलीकडे डावं मागचं चाक घासायला लागलं. खर्रर्र... मग जळक्या रबराचा वास.

"थांबव मुडद्या, टायर फुटंल!" मामा ओरडले.

सगळ्यांना उतरवून जांभळीखाली बसवलं. वाटलं, भारानं पाटा बसला असेल. रिकामा ट्रक ढकलून पाहिला, तरी घासतोच! डाव्या पाट्यावर हातोडी मारली. तडकलेलं पातं बद्द वाजतं. ही सगळी खणखणीत.

"आता रं?" मामा रडकुंडीला आले. सखू मुंडावळ्या सावरत म्हणाली, "दादा, तू हायेस न्हवं? मग मला घोर न्हाई."

पुन्हा हातोडी मारली. आणि पलीकडून, उजव्या पाट्यावरून उत्तर आलं... ठक-ठक.

आता हे सांगायला हवं. माझे उस्ताद ठोकाठोकीनं पार बहिरे झाले होते. गाडीखाली काम करताना लोखंडाला तळहात लावून ते ठोके ओळखायचे, आणि ठोक्यांनीच बोलायचे. दोन म्हणजे 'इकडे ये'. तीन म्हणजे 'शाब्बास'. ते तीन मला कधी मिळाले नाहीत. उस्ताद तर गेल्या थंडीत वारले होते.

वाकून पाहिलं. पलीकडे कुणी नाही, अख्खं वऱ्हाड माझ्यामागं. पुन्हा ठक-ठक... अंगावर सर्रकन काटा आला. पण गेलो.

उजव्या पाट्यांच्या मधला बोल्ट मोडला होता! नवी पाती दबून पाटा आवळणारी नटं सैल पडलेली, चाकांचा अॅक्सल तिरका सरकून डावं चाक सांगाड्याला टेकलेलं. मोडलं होतं उजवीकडे, म्हणून घासत होतं डावीकडे.

जॅक लावला, पहारीनं अॅक्सल जागेवर आणला, नवा बोल्ट घातला. नटं आवळायला मामांना पान्यावर लोंबकळवलं. "ओढा मामा, भाचीचं लगीन हाय!"

"ओढतुया की लेका!"

चाक फिरवलं... मोकळं! बायकांनी तिथंच गाणं धरलं, आणि मी ट्रक असा हाणला की विचारू नका. पौडला वाजंत्री सुरू होती. सखूवर अक्षता पडल्या तेव्हा मी ढसाढसा रडलो, आणि तेलकट हातांनीच तोंड पुसलं.

मग हळूच बाहेर आलो. ट्रकच्या उजव्या पाट्यावर तळहात ठेवला, उस्ताद ठेवायचे तसाच.

ठक-ठक-ठक.

म्हणाल, तापलेलं लोखंड निवताना वाजतं. हे मला शिकवता? तीनदा वाजून ते गप्प झालं, पुन्हा कधीच वाजलं नाही. मला अजून उलगडा झालेला नाही, आणि कुणी करून द्यायलाही येऊ नये. माझी शाब्बासकी आहे ती!