मामांचा डावा पाय

ज्ञानोबामामा खुर्चीवर बसले की त्यांचा डावा पाय क्लच दाबायचा. चहाची बशी तोंडाला लावताना एकदा, खाली ठेवताना एकदा. कीर्तनात मांडी घालून बसले तरी बुवा अभंगावरून दृष्टांताकडे वळले की मामांचा डावा अंगठा हलायचा. बत्तीस वर्षे त्यांनी तांबडी बस चालवली होती आणि निवृत्तीची बातमी पायाला कुणी दिली नव्हती.

ते पिंगळी गावातले आमचे शेजारी. मला गाडी त्यांनीच शिकवली, वडिलांच्या जुन्या जीपवर. पहिल्याच दिवशी मी गेअर कर्रकन वाजवला, तेव्हा त्यांनी जीप बंद करायला लावली. "गाडीला इचारल्याबिगर गेअर टाकायचा न्हाई, माय. तिची मर्जी असंल तर हात सोताहून जातो. नसंल तर ती वरडती." मी जीपची माफी मागावी, अशी त्यांची अपेक्षा होती. मी मागितली.

लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो, त्याला आमच्याकडे परण्या म्हणतात. गावातला प्रत्येक नवरदेव मामांनीच मारुतीला नेलेला. मग त्यांचा डावा गुडघा गेला, डॉक्टरांनी क्लच बंद केला आणि लोकांनी मामांना बोलावणे बंद केले. परण्या दारावरून जायचा तेव्हा मामा घरात बसून नुसता बँड ऐकायचे. मला फार वाईट वाटायचे.

माझा चुलतभाऊ महेश स्वतःच्या लग्नाला पुण्याहून आला तो जुनी घेतलेली, दोनच माणसे मावणारी लाल स्पोर्ट्स कार घेऊन. बाशिंग बांधून, हातात कट्यार धरून नवरदेवाने स्वतःच गाडी हाकणे आमच्यात बसत नाही. बाकीचे गाडीला हात लावायला घाबरत होते. मी मामांना बोलावून आणले. त्यांनी वाकून पायाखाली पाहिले.

"तिसरा कुठाय?"

"क्लच नाहीच हिला, मामा."

"मंग डाव्या पायाला काय काम?"

"काहीच नाही."

मामा बराच वेळ गुडघ्यावरून हात फिरवत राहिले.

शेताकडच्या डांबरी रस्त्यावर दोन दिवस मी त्यांना शिकवले. स्टिअरिंगच्या मागे दोन पट्ट्या असतात. उजवी बोटाने ओढली की गेअर चढतो, डावी ओढली की उतरतो. वेग आणि ब्रेक, दोन्ही उजव्या पायाने. मामांनी उजवी पट्टी ओढली आणि सवयीने डावा पाय खाली दाबला. तिथे ब्रेक होता. मी पट्टा लावला नसता तर काचेतून बॉनेटवर जाऊन बसले असते. असे चारदा झाले. पाचव्यांदा मामांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि डावा पाय घोट्यापाशी सीटखालच्या दांडीला बांधून टाकला. "मारका बैल दाव्यालाच बरा."

मग गाडी लोण्यासारखी चालली. एकदा वेगात असताना त्यांनी डावी पट्टी ओढली, तर गाडी टुंग वाजली आणि गेअर काही उतरेना. मामांचा चेहरा फुलला. "न्हाई म्हणली बघ! हिला तोंड हाय. बत्तीस वर्षं मी नुसता अंदाजानं इचारत व्हतो." वळणाआधी ब्रेक लावून डाव्या पट्टीने एकेक गेअर उतरवायला ते लगेच शिकले. "थांबायचं तरी पायरी पायरीनं, माय. धाडकन थांबतंय ते वाहन न्हाई, दगड."

निघण्याआधी मला बाजूला घेऊन म्हणाले, "रुमालाचं कुणाला सांगू नगंस. पाय बांधून हाकतो म्हणलं तर पुन्यांदा कोण बसंल माज्या गाडीत?"

गाडीत करवलीला जागा नव्हती, म्हणून मी शेजारून चालले. विमानासारखी पळणारी ती गाडी बँडच्या मागे पाऊण तास पहिल्या गेअरमध्ये चालली. पुढे पोरे नाचत होती. मी सारखी मामांच्या पायाकडे पाहत होते. एकही धक्का बसला नाही.

मारुतीपाशी ड्रायव्हरला टॉवेल-टोपी देण्याची रीत आहे. महेशचे वडील, म्हणजे बापूकाका, ताट घेऊन पुढे आले. "उतरा मामा, टोपी घ्या."

मामा उतरले नाहीत. उतरणार कसे? त्यांनी खिडकीतून डोके बाहेर काढले. "हितंच घाला."

बापूकाकांनी टोपी घातली आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "लाल गाडीचा माज आलाय म्हाताऱ्याला." मी बोलणार, तोच मामांनी डोळे वटारले. पुढे वर्षभर गाव त्यांना माजोरडा म्हणत होते. मामा ऐकून घ्यायचे. मात्र पुढच्या तीन नवरदेवांनी बिनक्लचची गाडी आणून त्यांनाच बोलावले.

गेल्या उन्हाळ्यात परभणीच्या दवाखान्यात मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले होते. चादरीखाली पाय अगदी निवांत होता. माझी बोटे त्यांच्या डाव्या हातात होती. त्यांनी एका बोटाने ती हळूच ओढली. थोड्या वेळाने पुन्हा एकदा. श्वास संथ झाला. मग आणखी एकदा. मला रडू आवरेना. मामा गेअर उतरवत होते.

तेराव्याला बापूकाकांनी मला विचारले, "त्या दिवशी का उतरला न्हाई गं त्यो?"

"माज, काका. दुसरं काय?" मी म्हणाले. मामांना शब्द दिला होता.

आता काका हे वाचतील. वाचू देत. मामांच्या गाडीत आता कुणाला बसायचे नाही.