उन्हाआधी परतायची घाई आणि यॉर्कशरचे चढ

"सपाटच रस्ता हवा असेल तर मंगफ काय वाईट आहे?" प्रकाश म्हणाला, आणि माझ्या आठवडाभराच्या कष्टांवर पाणी पडलं. इंग्लंडच्या नकाशावरून शोधून शोधून मी कालव्याकाठचे, पोरंसोरं तीनचाकी चालवतात तसले रस्ते काढले होते. त्याला डोंगर हवे होते.

थोडं मागचं सांगते. मी कुवेतमधल्या एका क्लिनिकमध्ये ईसीजी टेक्निशियन आहे आणि माझा नवरा प्रकाश तेलक्षेत्रात इंजिनिअर. सायकलचं वेड दोघांनाही. दर शुक्रवारी पहाटे अंधारात मंगफमधल्या आमच्या घरून निघायचं, समुद्राच्या कडेने कुवेत शहरातल्या दस्मानपर्यंत जायचं, कडक चहा प्यायचा आणि ऊन तापायच्या आत घर गाठायचं. गेल्या वर्षी प्रकाशच्या हृदयात स्टेंट बसला. काही महिन्यांनी डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली. "चढ मात्र बेतानं घ्या," म्हणाले आणि स्वतःच हसले, कारण इथे चढ म्हणजे हायवेवरचा पूल! तेव्हापासून मात्र मी कधी त्याच्या बरोबरीने सायकल चालवली नाही. नेहमी मागे. त्याची पाठ डगमगते का, मान वाकते का, एवढंच बघत. हे डोंगर त्याला झेपतील का, या एकाच प्रश्नाने मी सहलीआधी महिनाभर नीट झोपले नव्हते.

शेवटी यॉर्कशर डेल्स ठरलं. मुक्काम सेटल नावाच्या छोट्या गावात, नाश्त्यासह खोली भाड्याने देणाऱ्या एका घरात. लीड्सहून तिथे थेट रेल्वे जाते, आणि सायकली गावाजवळच भाड्याने मिळतात. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला लवकर नंबर लावा, सुट्ट्यांच्या आधी भलतीच गर्दी असते. कागदी नकाशा जरूर घ्या. तीव्र चढाच्या रस्त्यावर त्यात बारीक बाण काढलेले असतात, एक बाण म्हणजे दमवणारा, दोन बाण म्हणजे रडवणारा. बाणाचं टोक उताराकडे असतं, हे आधीच लक्षात ठेवा. नेटवर प्रत्येक रस्त्याच्या चढउताराचा आलेखही मिळतो. प्रकाशने निवडलेल्या रस्त्याचा आलेख बघून मी म्हटलं, "असा ईसीजी असलेला पेशंट आला ना, तर मी आधी ॲम्ब्युलन्स बोलावीन."

सराव कुठे करायचा? कुवेत शहरातल्या मिरकाबमध्ये एक जुनी बहुमजली पार्किंगची इमारत आहे. शुक्रवारी ती ओस पडलेली असते. आम्ही तिच्या रॅम्पवरून वर चढायचो, घरंगळत खाली यायचो, पुन्हा वर. तिथला हारिस, म्हणजे इमारत सांभाळणारा बिहारी माणूस, दोन शुक्रवार नुसता बघत राहिला. तिसऱ्या वेळी त्याला राहवलं नाही. "साब, लिफ्ट चालू है," तो अगदी कळवळून म्हणाला. प्रकाशने सायकल थांबवून त्याला सगळा बेत समजावला. त्याने आमच्याकडे बघून मान डोलावली, पण त्याला काही ते पटलेलं दिसलं नाही.

वेळापत्रक मी केलं, आणि तिथेच आम्ही अस्सल कुवेतकर ठरलो. पहाटे साडेचारला निघायचं, दहाच्या आत परत. पुण्यात शिकणाऱ्या आमच्या तन्वीला ते फोनवर वाचून दाखवलं, तर म्हणाली, "मॉम, हू डझ दॅट ऑन अ हॉलिडे?" मी तिला गप्प बसवलं. ऊन म्हणजे काय ते पुण्यातल्या पोरीला काय कळणार, असं मला तेव्हा वाटलं होतं.

जूनमधली इंग्लंडमधली पहिली पहाट. आम्ही हेल्मेट घालून, माना-कान झाकणारी फडकी बांधून, सॅकमध्ये माणशी तीन लिटर पाणी भरून जिना उतरत होतो. घरमालकीण जोन, सत्तरीची खुटखुटीत बाई, गाऊनवर बाहेर आली. बहुधा चोर शिरलेत असं वाटलं असावं.

"काही झालंय का? दवाखान्यात जायचंय का?"

"नाही, सायकल चालवायला चाललोय."

"पण नाश्ता आठला आहे!" ती म्हणाली. आम्ही हात हलवून निघालो.

पहिला दिवस दमानं घ्यायचा म्हणून नदीकाठचा सोपा रस्ता निवडला होता: सेटल, स्टेनफर्थ, हॉर्टन आणि परत. उजाडलं होतं खरं, पण दरीभर धुकं. स्टेनफर्थचा जुना दगडी पूल जेमतेम दिसला, त्याखालचा धबधबा नुसता ऐकला. बोटं गारठून ब्रेक दाबेनात. चहाची दुकानं बंद, चर्च बंद, गावंच्या गावं झोपलेली. एका बाकावर बसून आम्ही शेंगदाण्याची चिक्की आणि चिवडा खाल्ला, आणि तरीही भराभर पेडल मारत राहिलो. कारण अंगातच भिनलंय, ऊन चढायच्या आत पोचायचं!

पोचलो. आणि आम्ही कपडे बदलून खिडकीशी बसलो तेव्हा धुकं उठलं. सगळी दरी झगझगीत हिरवी झाली, डोंगरभर दगडी कुंपणांच्या रेघा उमटल्या, आणि रस्त्यावरून सायकलवाल्यांची पहिली टोळी हसत खिदळत निघाली. आमची सहल तर आटोपली होती! जोन चहा घेऊन आली आणि समोर बसली.

"तुम्ही दोघं कशाला भिऊन पळत होता?" तिने विचारलं.

"उन्हाला," मी म्हटलं.

ती एवढी हसली की बशीत चहा सांडला. "अहो, ऊन पडलं की आम्ही बाहेर पडतो. आणि संध्याकाळी नऊनंतरही उजेड असतो इथे."

दुसऱ्या दिवशी अंडी-टोस्टचा भरपेट नाश्ता करून, पाण्याची एकेक बाटली घेऊन आम्ही निघालो तेव्हा चांगलं लख्ख ऊन होतं. आज मोठा फेरा: स्टेनफर्थवरून चढून पेन-ई-घेंट डोंगराच्या कुशीतून हॉल्टन गिल, तिथून आर्नक्लिफ, मग मालहमच्या तळ्यावरून सेटल. कुवेतच्या हिशोबाने सकाळचं काम. तुम्ही हा हिशोब करू नका. इथे किलोमीटर मोजायचे नसतात, चढाचे मीटर मोजायचे असतात, आणि या फेऱ्याला अख्खा दिवस द्यायचा असतो.

स्टेनफर्थ सोडताच रस्ता भिंतीसारखा उभा राहिला. आमचं ठरलं होतं: प्रकाश पुढे, मी मागे, आणि प्रत्येक वळणावर त्याने थांबायचं. सगळ्यात हलका गिअर टाकून, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी जात तो सावकाश चढू लागला. पहिल्या वळणावर थांबला नाही. दुसऱ्या वळणावरही नाही. आणि माझाच श्वास संपला. पाय टेकवले, वर बघितलं तर प्रकाश कुंपणाच्या आड नाहीसा झालेला.

मी हाक मारली. वाऱ्याने ती मागे ढकलली. फोन काढला, रेंज नाही. मग सायकल ढकलत जवळजवळ पळत सुटले. दुसऱ्यांच्या ठोक्यांच्या पट्ट्या मी दिवसभर काढते, पण त्या रस्त्यावर माझी स्वतःची धडधड कानात वाजत होती. तो कुठे आडवा पडला असेल, छाती किती दाबायची, मदतीला कोण येणार, सगळं मनात म्हणत होते. देवाचं नावही घेतलं. मी भयंकर घाबरले होते, उगाच कशाला लपवू?

चढ संपला. समोर उघडं माळरान, आणि फाटकाशी भिंतीवर बसून प्रकाश चिक्की खात होता. तीन मेंढ्या त्याच्याकडे आशेने बघत होत्या.

"किती वेळ लावलास! मला वाटलं, तुला घ्यायला खाली यावं लागतंय."

मी सायकल तिथेच आडवी टाकली आणि आधी त्याचं मनगट धरलं. नाडी माझ्यापेक्षा शांत होती. मग मात्र तोंडाचा पट्टा सुटला. "थांबायचं ठरलं होतं ना आपलं? मेला असतास तर?"

"थांबलो असतो तर त्या चढावर पुन्हा पाय मारता आला नसता," तो म्हणाला. मग चिक्की कागदात गुंडाळत, "वर्षभर तू मागून येतेस ना, तेव्हा मला वाटतं कुणीतरी मला मशीनला जोडून ठेवलंय. आज थोडा वेळ सुटलो. फार बरं वाटलं गं."

मला रडू आलं. रागाचंही होतं त्यात, पण सुटकेचं जास्त. मेंढ्या कंटाळून निघून गेल्या. त्याने उरलेली चिक्की माझ्या हातात दिली.

"वर्षभर तू नुसती माझी पाठ बघितलीस," तो म्हणाला. "आता तू पुढे हो."

म्हणून हॉल्टन गिलपर्यंत मी पुढे. पेन-ई-घेंटचा डोंगर डावीकडे अंगावर येईल इतका जवळ, उजवीकडे गवताच्या लाटा, आणि मग खाली उतरत जाणारी लिटनडेलची दरी, मधोमध चकाकणारी नदी. रस्त्यात गुरांना अडवायला टाकलेल्या लोखंडी जाळ्या येतात, त्यावरून सरळ जा, वळू नका, ब्रेक मारू नका. मागे एकदाही न बघता मी तो उतार उतरले. अक्षरशः ओरडत उतरले!

आर्नक्लिफला गावच्या हिरव्या चौकाशी पबमध्ये गरम सूप आणि जाड ब्रेड खाल्ला. दोघांचं मिळून कुवेतमधल्या साध्या जेवणाच्या तिप्पट बिल झालं, आणि तरी स्वस्त वाटलं. पुढचा मालहमकडचा चढ आम्ही निम्मा चालत चढलो. तासभर शेजारी शेजारी, तन्वीबद्दल, घराबद्दल, काहीबाही बोलत. सेटलला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि ऊन अजून रेंगाळत होतं. जोनने विचारलं, "काय, आज कोण मागे लागलं होतं?" "मी!" म्हणत आम्ही दोघांनीही हात वर केले.

तिसरा दिवस मालहमच्या प्रचंड कड्याखाली नुसतं गवतात लोळण्यात गेला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही आणि तो दिवस आम्हाला फार आवडला.

कुवेतला परतलो तर विमानतळाच्या दाराशीच तापलेली हवा चेहऱ्यावर आली. आठवडाभर कपड्यांतून यॉर्कशरचा चिखल निघत होता. फोटो बरे आलेत, पायांत अजून गोळे येतात, आणि दोघंही पुढच्या सुट्टीचे नकाशे उघडून बसतो. पण खरंच काय उरलं, ते मला पहिल्या शुक्रवारी कळलं.

पहाटे गजर वाजला. प्रकाशने बूट चढवले, दाराशी थांबून विचारलं, "येतेस?"

"तू जाऊन ये," मी म्हटलं.

त्याने दार ओढून घेतलं. लिफ्ट खाली गेल्याचं मी ऐकलं. आता तो समुद्राच्या रस्त्याला लागला असेल, असं मनात आलं, आणि पुढचं काही मनात यायच्या आत मला गाढ झोप लागली.