दावं कोणी सोडलं

गोंदियाजवळच्या कामठ्याकडच्या गावांत इंद्रकुमार बिसेनला डॉक्टर म्हणतात, पण आधी ‘ढोरांचा’ लावल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. नागपूरला पाच वर्षं शिकला, सरकारी नोकरी लागली, हल्याच्या, म्हणजे रेड्याच्या, लाथेनं दोन बरगड्या मोडून घेतल्या, आणि लग्नाच्या बोलणीत मुलीच्या बापानं विचारलं काय, तर माणसांच्या डॉक्टरकीत नंबर लागला नाही का? इंद्रकुमार हसला. असं हसून घ्यायची त्याला सवयच लागली होती. जनावर वाचलं की देवाची कृपा आणि मेलं की डॉक्टरची सुई, हा इकडचा न्याय. लम्पीच्या साथीत ज्यांनी त्याला अंगणातून हाकललं, त्यांच्याच गोठ्यात तो दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकून उभा होता.

धान कापणीच्या ऐन गर्दीत सुखरामचा फोन आला. ‘‘डॉक्टरसाब, गायीच्या घशात काहीतरी अटकलं. खाऊन नाई रायली.’’

सुखराम दुसऱ्याची बांधी, म्हणजे धानाचं शेत, ठेक्यानं करणारा, साधा माणूस. गायीनं चारा टाकला म्हणून त्यानं रीतीप्रमाणे तिच्या जिभेला मीठ-हळद चोळली होती. इंद्रकुमारनंही बाही वर केली आणि तिच्या तोंडात हात घातला. दवाखान्यातले हातमोजे संपले होते, नेहमीसारखे. घशात काहीच नव्हतं. हात बाहेर काढला तेव्हा कोपरापर्यंत लाळ ओघळत होती, आणि गाय हंबरली. आवाज फाटका, घोगरा. तो आवाज ऐकताच इंद्रकुमार दोन पावलं मागे सरला.

‘‘हिला कुत्रं चावलं होतं का?’’

चावलं होतं, पोळ्यानंतर कधीतरी. त्यात काय सांगायचं, असं सुखरामला वाटलं होतं.

गाय पिसाळली होती. आता एकच शहाणपण होतं, तिला सुई देऊन शांत करणं. इंद्रकुमार तसं बोलून गेला आणि बघता बघता अंगण माणसांनी भरलं. सुखरामनं हात जोडले. ‘‘साब, गाय माराल तं आमच्या घरचं पानी कोनी पिनार नाई.’’ मागून कुणीतरी मोबाइल वर धरला होता. वर बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान घिरट्या घालत होतं, खाली साठ डोळे एकट्या इंद्रकुमारवर होते. तो भ्याला. दुसरं नाव देण्यात अर्थ नाही. त्यानं सुई पेटीत ठेवली, गाय आखूड बांधून घेतली आणि बजावलं, ‘‘जवळ कुणी जायचं नाही. मरेल तेव्हा मरेल. दाव्यातच राहू द्या.’’

गाय दाव्यात मेली तर मालकाला गोहत्येचा डाग लागतो, जातीला जेवण घातल्याशिवाय तो धुतला जात नाही, हे काय त्याला कुणी शिकवायला हवं होतं? तोही शेतकऱ्याचाच पोरगा. पण सरकारी माणसानं एकदा सांगितलं म्हणजे झालं, असं आपण धरून चालतो, तसं त्यानंही धरलं. सुखरामची बायको धुरपता तेवढ्यात कापणीवरून आली होती, हातात विळा, कापलेल्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. तिनं सगळं ऐकलं आणि दाव्याच्या गाठीकडे पाहत विळा वळचणीला खोचला.

ज्यांचे हात लाळेला लागले ते दोघे, सुखराम आणि तो स्वतः. सुखरामला त्यानं मोटरसायकलवर बसवून गोंदियाला नेलं, दोघांनी सुया टोचून घेतल्या. पुढच्या प्रत्येक सुईला कापणी टाकून तो सुखरामला ओढत नेत राहिला. धुरपतानं गायीला हातच लावला नव्हता, म्हणून तिचा प्रश्न आला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाय मेलेली दिसली. खड्डा आणि चुना बघायला इंद्रकुमार आला, तर गायीची मान मोकळी.

‘‘दावं कोणी सोडलं?’’

‘‘तोडलं तिनं,’’ धुरपता म्हणाली. ‘‘म्या जाळून टाकलं.’’

पिसाळलेली गाय दावं तोडते, हे त्यानं पाहिलं होतं. शिवाय लाळ लागलेलं सगळं जाळा, असं त्यानंच सांगितलं होतं. ‘‘बरं केलं बाई,’’ तो म्हणाला. दुसऱ्या गावी म्हैस अडली होती, तिकडे निघून गेला.

गावाला मात्र ते बरं वाटलं नाही. दावं जाळलं कायले? गाय दाव्यातच मेली असणार, म्हणून पुरावा जाळला. सुखरामच्या घरचं पाणी बंद झालं. इंद्रकुमारच्या कानावर आलं तेव्हा तो चिडला, दोघाचौघांशी भांडला, आणि धुरपताला पुन्हा विचारायचं मात्र त्याला सुचलं नाही.

माघात, कचारगडच्या यात्रेला लोक चालले होते, त्या दिवसांत सुखरामचा फोन आला. बायको तीन दिवस हात खाजवत होती, आता पाण्याचा गिलास पाहिला की किंचाळते. लोक अंगात आलं म्हणतात. ‘‘तुमी येऊन पाहा साब.’’

माणसाला बघायला ढोरांच्या डॉक्टरला बोलावलं होतं. दारात आज पुन्हा तीच गर्दी. धुरपता भिंतीला टेकून बसली होती. कुणी पदर हलवला तरी त्या वाऱ्यानं तिचा गळा आवळून येत होता. इंद्रकुमारला दाराशीच सगळं कळलं आणि तिथेच बसकण मारून रडावंसं वाटलं.

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. ‘‘बाई, दावं...’’

‘‘म्याच सोडलं साब,’’ ती थांबत थांबत म्हणाली. ‘‘गाठ भिजली होती, दातानं ओढली. तवा जीव होता तिच्यात. कान हालवत होती. तुमी रागावसान म्हणून बोलली नाई. मंग सांगतलं असतं तं कोनी खरं मानलं नसतं.’’ तिनं दाराकडे बोट केलं. ‘‘लोकांले सांगा. तुमचं आयकतीन.’’

तो उठला, दारात आला. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. ‘‘गाय मोकळी मेली. धुरपताबाईनं जिवंतपणी दावं सोडलं. मी डॉक्टर आहे, मी सांगतो.’’

लोकांनी माना हलवल्या. एक म्हातारा पुढे होऊन अंगणातल्या मडक्यातलं पाणी ओंजळीनं प्यायला, सगळ्यांना दिसेल असं. दुसराही पुढे झाला. सुखरामचा चेहरा किती दिवसांनी सैल झाला.

‘‘डाग धुतला साब,’’ तो म्हणाला. ‘‘चाला, आता हिलेबी गोंदियाले नेऊ. माह्यावानी सुया देऊ.’’

‘‘नेऊ,’’ इंद्रकुमार म्हणाला. ‘‘पण आता सुई चालत नाही, सुखराम.’’