चोवीस मिनिटांची कुंची

माझ्या हातून आयुष्यात एकच कपडा शिवून झाला, आणि तोही मी शिवलेला नाही.

मी फक्त कापला. तोही चुकीचा. पण त्या चुकीची आज आमच्या घराण्यात ‘पूर्वापार चालत आलेली पद्धत’ झाली आहे, आणि ती मोडायची नाही असा नातीचा परवा फोन आला, म्हणून हे लिहायला बसलो. मालती असती तर तिने दोन वाक्यांत सांगून टाकलं असतं. माझी बायको जे सांगायची ते तेवढ्यातच बसायचं. तिला जाऊन आता वर्ष होईल. तेव्हा तुम्हाला माझ्याच चालीने यावं लागेल, आणि मी हळू लिहितो.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी मुंबईत एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं आणि त्यातल्या चुका काढायच्या. (हे काम घरीही चालू ठेवलं तर संसारात शांतता राहत नाही. मालतीने माहेरी लिहिलेलं पत्र मी एकदा ऱ्हस्व-दीर्घ सुधारून टपालात टाकलं होतं. पुढचे आठ दिवस ती माझ्याशी फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच बोलली. त्यात सुधारण्यासारखं काही नव्हतं.)

भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या मागे, हिराबाईंच्या घरातल्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. हिराबाई तिथल्या मूळच्या. घरची मिठागरं. तरुणपणी त्यांनी मिठाच्या गोण्या इतक्या शिवल्या होत्या की त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा सुतळीच्या रंगाचा झाला होता. चष्मा लावणाऱ्या प्रत्येक पुरुषाला त्या ‘मास्तर’ म्हणत. मी मास्तर नाही हे मी त्यांना तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, “बरं मास्तर.”

आमची मेधा याच घरात आली. एरवी पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण मालतीची आई त्याच्या आदल्या दिवाळीत गेली होती. रत्नागिरीच्या त्या घरातून मालतीने एकच वस्तू आणली: आईचं हिरवं इरकली लुगडं, लाल पदराचं.

“आईला बारशाला येता येणार नाही,” ती म्हणाली. “तिचं लुगडं तरी येऊ दे. त्याची कुंची करू.”

हे ती इतक्या सरळ आवाजात म्हणाली की मला चष्मा पुसावा लागला.

आता कुंची म्हणजे काय, ते हल्लीच्या वाचकांसाठी सांगतो. बाळाच्या डोक्यावर टोपीसारखी बसते आणि पाठीवरून खाली लोळते ती. दिसायला साधी. पण आमच्यापुढे अडचण होती रिवाजाची. बाळ जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी काही शिवायचं नाही, आणि आल्यावर बाळंतिणीने सुई धरायची नाही, डोळे जातात. या दोन नियमांच्या मधे जी फट राहते ती भरायला आई, सासू, मावशी अशा बायका असतात. माझी आई मी शाळेत असतानाच गेली होती. चिपळूणची अक्का, माझी थोरली बहीण, येणार होती. पण तिचं पत्र आलं की ती बारशाच्या दिवशी सकाळीच पोचेल. तेव्हा आमच्या फटीत फक्त मी होतो.

“शिंप्याकडे टाकू या?” मी विचारलं.

“आईचं लुगडं? शिंप्याकडे?”

“मग मी शिवतो.”

मालतीने मेधाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तुम्ही?”

“तुझं शिवणवर्गाचं पुस्तक आहे ना?”

“पुस्तक आहे,” ती म्हणाली. पुढचं वाक्य तिने गिळलं. मग म्हणाली, “अहो, एवढंच ध्यानात ठेवा. लुगडं सगळं विरलंय. पदराजवळचं हातभर तेवढं धड आहे. ते गेलं की संपलं.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी मायलेकी झोपल्यावर मी बाहेरच्या खोलीत पुस्तक उघडलं.

पुस्तक चुकांनी भरलेलं होतं. ‘गळ्याची खोली’च्या जागी ‘गाळ्याची खोली’. पुढे तर ‘बाही उलटी करून इस्त्री करावी’ यातल्या बाहीची बाई झाली होती. मी पेन्सिलीला टोक केलं आणि सुधारत सुधारत कुंचीच्या पानापर्यंत आलो. (पहिली वीस पानं मला वाचायची गरज नव्हती. पण चूक दिसल्यावर पुढे जाणं हे माझ्या स्वभावात नाही.)

कुंचीच्या पानावर लिहिलं होतं: ‘कागदी आकार लावून, कापड घडीवर ठेवून कापावे.’

मी थांबलो. कापड घडीवर? घडी कापडाची असते. कापड घडीवर कसं ठेवणार? ज्या माणसाने बाहीची बाई केली त्याला भ आणि व सारखेच. उघडच शब्द होता ‘घडीभर’. मी व खोडला, समासात भ लिहिला, आणि बऱ्याच दिवसांनी आपलं शिक्षण घरच्यांच्या उपयोगी पडलं म्हणून मला बरं वाटलं.

घडी म्हणजे साठ पळं. चोवीस मिनिटं. मी लुगड्याचा धड भाग जमिनीवर एकेरी पसरला, त्यावर कागदी आकार ठेवला, कापड हलू नये म्हणून शब्दकोशाचे चार खंड चार कोपऱ्यांवर ठेवले आणि घड्याळाकडे बघत बसलो.

हिराबाई पाण्याचा हंडा घेऊन दारावरून चालल्या होत्या. थांबल्या.

“मास्तर, लुगडं आजारी हाय का?”

“नाही. ठेवलंय.”

“कशाला?”

“कापण्याआधी चोवीस मिनिटं ठेवायचं असतं. पुस्तकात आहे.”

“मुरायला?”

“धागे स्थिर होत असावेत,” मी म्हणालो.

हिराबाईंनी लुगड्याकडे बराच वेळ पाहिलं. “आमी मीठ असं ठेवतो,” त्या म्हणाल्या. “लुगडं न्हाय बघितलं कदी.” आणि हंडा घेऊन गेल्या.

चोवीस मिनिटं भरली. मी कापलं. कात्री सरळ गेली, हात कापला नाही. मी कडा बोटांनी दुमडल्या आणि पावलं न वाजवता आत जाऊन ती कुंची झोपलेल्या मेधाच्या डोक्यावर धरून पाहिली.

तिचा डावा कान झाकला गेला.

उजवा उघडाच राहिला. मी उजव्या बाजूला सरकवली, तर डावा उघडा पडला. काही काळ मी अशा प्रकारे दोन्ही कानांना आळीपाळीने न्याय देत होतो. मग बाहेर आलो आणि पुस्तक पुन्हा वाचलं. पुस्तकात काही चूक दिसेना. (जी होती ती मी सुधारलेलीच होती.)

आता इथे साध्या माणसाने बायकोला उठवलं असतं. मी विचार केला. घडीभर ठेवून अर्धी कुंची होते, तर पुरी कुंची व्हायला कापड किती ठेवायला हवं? उत्तर त्रैराशिकाचं होतं. मी उरलेला तुकडा पसरला, चारही खंड ठेवले आणि या वेळी अठ्ठेचाळीस मिनिटं थांबलो.

दुसऱ्यांदाही अर्धीच कुंची निघाली.

पहिली पदरातून कापली होती, म्हणून लाल. दुसरी पदराच्या अलीकडून, म्हणून हिरवी. आणि हातभर धड कापडातून आता जे उरलं होतं त्याने फार तर चष्मा पुसता आला असता. मी दोन्ही तुकडे मांडीवर घेऊन बसलो. मालतीच्या आईंना मी एकदाच भेटलो होतो, लग्नात. जाताना त्यांनी माझ्या हातावर दही घातलं होतं आणि म्हणाल्या होत्या, “जावईबापू, मालती फार शिस्तीची आहे, सांभाळून घ्या.” आता त्यांचं जे काही जगात शिल्लक होतं ते मी दोन रंगांत वाटून टाकलं होतं.

“झाली का हो?” आतून मालतीचा आवाज आला.

मी आत गेलो. दोन्ही तुकडे तिच्या पांघरुणावर ठेवले. शेजारी पुस्तकही ठेवलं.

तिने लाल तुकडा उचलला, हिरवा उचलला. ते तिने नाकाशी धरले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरचा महिना वाचत होतो, त्यात चूक नव्हती. मग तिने पुस्तकाचं पान उघडलं. माझी पेन्सिल पाहिली.

“घडीभर?”

“हो.”

“म्हणजे नक्की किती?”

“चोवीस मिनिटं.”

“आणि ही दुसरी?”

“अठ्ठेचाळीस.”

तिने पुस्तक तोंडावर धरलं. मला वाटलं रडतेय. मग पुस्तक हलायला लागलं. मग खाट हलायला लागली. “अहो, पोटात दुखतंय, हसवू नका,” असं म्हणत ती हसत राहिली. मेधा उठून रडायला लागली. रडणं आणि हसणं ऐकून हिराबाई धावत आल्या.

“काय झालं गो?”

“हिराबाई, ‘घडीवर’ म्हणजे काय हो?” मालतीने कसंबसं विचारलं.

“कापडाची घडी घालायची, आन त्या घडीच्या कडंला कागद लावायचा. उघडलं की दोनी बाजू येतात. हे पोरीसोरींना पन ठावं हाय.” मग त्यांची नजर तुकड्यांवर गेली, तिथून माझ्यावर आली. “आता कळलं मास्तर काय मुरवत व्हते.”

मालतीने डोळे पुसले. “आईसुद्धा हसली असती,” ती म्हणाली. मग तिने दोन्ही तुकडे एकमेकांशेजारी ठेवले. सरळ कडेला सरळ कड. एक डावा कान, एक उजवा.

“जुळतंय,” ती म्हणाली. “मधोमध शिवण घातली की झालं. मला सुई द्या.”

“सुई न्हाय,” हिराबाई म्हणाल्या. “बाळंतिणीनं सुई धरायची न्हाय. पर तुजे व्हट कुनी शिवले न्हायत. तू सांग, मी शिवते.”

अशी ती कुंची झाली. मालती उशीला टेकून सांगत होती, “बारीक, हिराबाई, बारीक टाका,” आणि हिराबाई पुटपुटत होत्या, “एवढीशी सुई म्हंजे मच्छराचा काटा.” त्यांना सुईचं भोक दिसेना, म्हणून दोरा मी ओवून दिला. पाच-सहा वर्षं बारीक टाइप वाचलेल्या डोळ्यांचा त्या घरात तेवढाच उपयोग झाला. टाके गोणीसारखेच पडले, जाड आणि तिरके. शेवटची गाठ दाताने तोडून हिराबाई म्हणाल्या, “कुंची फाटंल, शिवण न्हाय फाटनार.”

बारशाच्या सकाळी अक्का आली. अक्काला चुका काढायची सवय होती. (आमच्या घराण्यात तीच खरी पूर्वापार पद्धत.) तिने पाळण्यात पाहिलं.

“ही कसली कुंची? अर्धी लाल, अर्धी हिरवी?”

मी तोंड उघडलं. मालतीने माझ्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा मिटलं. तेवढ्यात हिराबाई पुढे झाल्या, चेहरा मिठासारखा कोरडा.

“अशीच असते. अर्धी आईच्या आयची, अर्धी बापाच्या आयची. दोगी आज्या न्हायत ना पोरीच्या, म्हनून दोनी बाजूनी धरायचं. तुमच्या चिपळूनात न्हाय का पद्धत?”

अक्काला आयुष्यात ‘मला माहीत नाही’ हे वाक्य कधी जमलं नाही.

“आहे की,” ती म्हणाली. “हल्ली कुणी पाळत नाही, एवढंच.”

आणि अक्का पाळायला लागली. तिच्या नातवंडांना अर्ध्या-अर्ध्या कुंच्या, पुतण्यांच्या मुलांना अर्ध्या-अर्ध्या कुंच्या. मधोमध शिवण, जाड आणि तिरकी. बारीक टाका घातला तर ती उसवायला लावायची. मालती प्रत्येक बारशाला माझ्या शेजारी बसायची आणि कुंची आली की हळूच विचारायची, “किती मिनिटं ठेवली असेल हो?”

तर परवा मेधाच्या मुलीचा, ऋताचा, पूनम सागर कॉम्प्लेक्समधून फोन आला. तिला सातवा लागलाय.

“आजोबा, आपल्याकडे कुंची अर्धी लाल, अर्धी हिरवी असते ना? शेजारच्या काकी म्हणतात, अशी पद्धत कुठेच नाहीये.”

“त्यांच्यात नसेल.”

“पण आपल्याकडे आली कुठून?”

“फार जुनी आहे,” मी म्हणालो. “छापखान्यातून आली.”

“काय?”

“काही नाही. तू बोल.”

“मी आजीची एक साडी ठेवलीय. आत्ता शिवायची नाहीये, बाळ आल्यावरच. आई म्हणतेय कापायचं काम तुमच्याकडे. कराल ना?”

मालतीच्या साड्यांकडे मी वर्षभर पाहिलं नव्हतं. “करीन,” मी म्हणालो.

मग पुस्तक शोधायला मालतीचा शिवणाचा डबा पहिल्यांदा उघडला. बटणं, नाड्या, खडू, तळाशी ते पुस्तक, आणि पुस्तकात घडी घालून ठेवलेली ती कुंची. लाल आता विटकरी झालंय, हिरवं शेवाळी. दोन ठिकाणी फाटलीय. शिवण शाबूत आहे. पान आपोआप उघडलं. समासात माझा भ होता. त्याच्याखाली मालतीच्या अक्षरात, शाईने, एक ओळ होती. कधी लिहिली कोण जाणे. मला तिने कधी दाखवली नाही.

‘घडीवर हेच बरोबर. मुद्रीतशोधकाने दुरुस्तीआधी घडीभर थांबावे.’

‘मुद्रीत’मधल्या ‘द्रि’ला तिने दुसरी वेलांटी दिली आहे. पहिली हवी.

मी पुस्तक मिटलं आणि सांगितल्याप्रमाणे घडीभर थांबलो. चोवीस मिनिटं, घड्याळ लावून. मग उघडून पाहिलं. वेलांटी दुसरीच होती. तशीच राहू दिली.

(पेन्सिलीला टोक मात्र थांबण्याआधीच करून घेतलं होतं.)